टाकीच्या भिंतीवरची बुळबुळ: सोसायटीच्या पाणीव्यवस्थेतील जीवाणूंचे थर कसे आवरावेत

सकाळी पाणी भरण्यापूर्वी घागरीतले शिळे पाणी ओतून द्यायचे, आतून हात फिरवून ती घासायची, बाहेरून चिंच आणि राख लावून लख्ख करायची आणि मगच नव्या पाण्याखाली धरायची, हा क्रम दोन-तीन पिढ्यांपूर्वी आपल्याकडच्या असंख्य घरांत रोज पाळला जात असे. त्यात सोवळ्याचा भाग होता, सवयीचाही होता. पण घागरीच्या आतल्या बाजूला एका दिवसात जी किंचित बुळबुळ धरते ती हाताला कळत असे, आणि एकदा हाताला कळली की ती काढल्याशिवाय चैन पडत नसे. आज तीच घागर दहा-वीस हजार लिटरची होऊन जमिनीखाली आणि गच्चीवर गेली आहे. तिच्यात रोज कुणाचा हात पोहोचत नाही, आणि तिच्यापासून निघालेल्या नळांची आतली बाजू तर कुणी कधी पाहतच नाही. ती बुळबुळ मात्र धरायची थांबलेली नाही. तिच्यात कोण राहते आणि ती कशी काढावी, हे सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांना आणि घर सांभाळणाऱ्यांना उपयोगी पडेल अशा बेताने येथे मांडले आहे.

थर कसा धरतो

पाणी कितीही स्वच्छ असले तरी त्यात थोडे जीवाणू असतातच. त्यांतले काही भिंतीला चिकटतात, तेथे वाढतात आणि स्वतःभोवती शर्करा, प्रथिने आणि पाणी यांचा एक चिकट लगदा तयार करतात. या थराला बायोफिल्म किंवा जैवपटल म्हणतात. सकाळी उठल्यावर जीभ दातांवरून फिरवली की जो थर जाणवतो, तोही जैवपटलच होय. सूक्ष्मदर्शकातून जीवाणू प्रथम पाहणाऱ्या डच निरीक्षक लेव्हेनहुक यांनी 1683 सालच्या सुमारास आपल्याच दातांवरचा कीट तपासला, तेव्हा त्यांना एक विलक्षण गोष्ट दिसली. व्हिनेगरने दात धुतल्यावर कीटाच्या बाहेरच्या बाजूचे ‘सूक्ष्म प्राणी’ मेले, पण आतले जिवंत राहिले. पाण्याच्या टाकीत क्लोरीन टाकून निर्धास्त होणाऱ्या प्रत्येकाने हे निरीक्षण लक्षात ठेवावे, कारण टाकीतही नेमके हेच घडते. क्लोरीन थराच्या वरच्या पदराशी झगडताना खर्च होऊन जातो आणि तळाशी पोहोचेपर्यंत त्यात दम उरत नाही.

पाणीपुरवठ्याच्या नळांतील एकूण जीवाणूंपैकी सुमारे 95 टक्के भिंतीला चिकटलेले असतात आणि वाहत्या पाण्यात जेमतेम 5 टक्के असतात, असा अंदाज या विषयातले अभ्यासक मांडतात. म्हणूनच नळाचे पाणी बाटलीत भरून तपासले आणि अहवाल चांगला आला, तरी भिंतीची हकीकत त्यात आलेली नसते. पंप सुरू होताना बसणारा धक्का, नळदुरुस्ती, किंवा बराच वेळ बंद असलेला पुरवठा एकदम जोरात सुरू होणे, अशा वेळी थराचे तुकडे सुटतात आणि काल निर्मळ असलेले पाणी आज गढूळ दिसते.

या थरातले बहुतेक रहिवासी निरुपद्रवी असतात. ज्यांची काळजी करायची ते मोजके आहेत. पहिला लेजिओनेला. 1976 साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांच्या मेळाव्यानंतर न्यूमोनियाची मोठी साथ आली, चौतीस जण दगावले, आणि पुढच्या जानेवारीत हा जीवाणू सापडला. पाणी प्यायल्याने सहसा तो बाधत नाही. शॉवर, कारंजे किंवा वातानुकूलनाचा कूलिंग टॉवर यांतून उडणारे अतिसूक्ष्म तुषार श्वासावाटे फुप्फुसात गेले की तो बाधतो. एका माणसाकडून दुसऱ्याकडे तो सहसा जात नाही. दुसरा स्यूडोमोनास. हा नळाच्या तोंडाशी, जाळीत, रबरी वॉशरवर आणि सिंकच्या निचऱ्यात वस्ती करतो, आणि जखम, भाजलेली त्वचा किंवा नवजात अर्भक यांच्या बाबतीत घातक ठरतो. 2011 ते 2012 च्या हिवाळ्यात उत्तर आयर्लंडमधील रुग्णालयांच्या नवजात कक्षांत चार बाळे त्याने दगावली. बेलफास्टमध्ये त्याचा माग काढत गेल्यावर तपास पोहोचला तो नळांच्या तोंडातल्या गुंतागुंतीच्या भागांवर धरलेल्या थरापाशी. तिसरा गट क्षयरोगाच्या जीवाणूच्या चुलत भावंडांचा, म्हणजे क्षयरोग न करणाऱ्या मायकोबॅक्टेरियांचा. त्यांचे कवच मेणचट असल्यामुळे नेहमीच्या मात्रेतला क्लोरीन ते बऱ्यापैकी पचवतात.

या सगळ्यांना आणखी एक आसरा मिळतो. थरावर चरणारे अमीबा जीवाणूंना गिळतात, पण लेजिओनेला गिळला गेल्यावर मरण्याऐवजी अमीबाच्या पोटातच वाढतो. परिस्थिती बिघडली की अमीबा स्वतःभोवती कठीण कोश करून बसतो आणि आतल्या पाहुण्यालाही क्लोरीनपासून वाचवतो. क्लोरीनची मात्रा एकदा वाढवून प्रश्न का सुटत नाही, याचे अर्धे उत्तर येथे आहे.

आधी पाण्याच्या वाटेचा नकाशा काढावा

कामाला लागण्यापूर्वी एका रविवारी प्लंबरला बरोबर घेऊन पाणी इमारतीत शिरते तेथपासून शेवटच्या शॉवरपर्यंत चालत जावे आणि कागदावर रेघोट्या ओढाव्यात. जुन्या इमारतींत हा नकाशा बहुधा कुणाकडेच नसतो. तो फक्त प्लंबरच्या डोक्यात असतो, आणि तो प्लंबर गावी गेला की संपले. पालिकेची लाइन, जमिनीखालची टाकी, पंप, गच्चीवरच्या टाक्या, खाली उतरणाऱ्या लाइनी, सोलरची टाकी, अग्निशमनाची टाकी, बोअरची किंवा टँकरची जोडणी, हे सगळे त्यात यावे. टाक्यांचे झाकण, हवेची नळी, ओव्हरफ्लो आणि तळाचा वॉशआउट, म्हणजे टाकी रिकामी करण्याचे तोंड, कुठे आहे, तेही लिहावे.

या फेरीत मुख्यतः शोधायची ती पाणी न हलणारी जागा. फ्लॅटचे नूतनीकरण करताना एखादे वॉश बेसिन काढून टाकले जाते आणि नळाच्या टोकाला डमी लावून वर टाइल बसवली जाते. भिंतीआड राहिलेल्या त्या हातभर नळात पाणी वर्षानुवर्षे तसेच पडून राहते, कोमट होते, आणि मुख्य लाइनला मिळालेले असल्यामुळे तिथले जीवाणू पुन्हा पुन्हा बाहेर पुरवत राहते. असे टोक मुख्य लाइनला जिथे मिळते तिथेच, मुळाशी, कापावे. शेवटी डमी लावून भागत नाही. क्लब हाउसमधले न वापरले जाणारे स्नानगृह आणि वॉचमनच्या खोलीमागचा कधीच न उघडला जाणारा नळ हीही अशीच टोके आहेत. ती तोडता येत नसतील तर आठवड्यातून एकदा काही मिनिटे सोडावीत, आणि ते काम कुणाचे हे नावानिशी ठरवावे.

टाक्यांचा आकारही याच वेळी पडताळून पाहावा. माणशी रोज 135 लिटर हे शहरी पुरवठ्याचे प्रचलित प्रमाण धरले तर चार-चार माणसांच्या 40 फ्लॅटना दिवसाला सुमारे 21,600 लिटर पाणी लागते. निम्मे फ्लॅट रिकामे असलेल्या नव्या इमारतीत साठा लाखभर लिटरचा असेल, तर एक थेंब आत शिरल्यापासून नळातून बाहेर पडेपर्यंत आठवडाही जाऊ शकतो. अशा वेळी एकेक टाकी तात्पुरती रिकामी, कोरडी आणि बंद ठेवणे शहाणपणाचे ठरते. पाणी दिवसाआड येत असल्यामुळे ज्यांना जादा साठा ठेवावाच लागतो, त्यांनी आधी आलेले पाणी आधी खर्च होईल अशी जोडणी करून घ्यावी. म्हणजे पाणी एका बाजूने यावे आणि समोरच्या बाजूने जावे. अग्निशमनाच्या राखीव पाण्याची गोष्ट निराळी आहे, कारण ते वापरायचेच नसते. नवे पाणी आधी अग्निशमनाच्या टाकीत सोडून तिच्या ओव्हरफ्लोतून वापराची टाकी भरावी, म्हणजे राखीव साठा कायम राहतो आणि पाणीही बदलत राहते.

टाकी धुणे म्हणजे टाकी घासणे

टाकी रिकामी करून, तळाचा गाळ झाडून आणि पाइपने फवारा मारून धुतली की काम झाले, असा समज फार पसरलेला आहे. खरे तर गाळ हा सर्वांत कमी त्रासदायक भाग आहे. बोट भिंतीवर फिरवावे. ते घसरले तर टाकी धुतलेली नाही असे खुशाल समजावे. भिंती, तळ, खांब, झाकणाची आतली बाजू, शिडी आणि बॉलकॉकचा गोळा हे सगळे कडक ब्रशने घासावे, घासलेले पाणी वॉशआउटमधून पूर्ण बाहेर काढावे आणि पुन्हा एकदा धुवावे. तारेचा ब्रश प्लास्टिकच्या टाकीला वापरू नये, कारण त्याने पडलेल्या ओरखड्यांत पुढचा थर आणखी घट्ट बसतो. सिमेंटच्या टाकीचा गिलावा फुगला किंवा भेगाळला असेल तर तो दुरुस्त करून घ्यावा; टाइल लावलेली गुळगुळीत टाकी घासायला सोपी जाते.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे, आणि तो या लेखातल्या इतर कोणत्याही सूचनेपेक्षा महत्त्वाचा आहे. बंद टाकीत माणूस गुदमरून मरू शकतो. सगळी झाकणे आधी बराच वेळ उघडी ठेवावीत, पंख्याने हवा आत सोडावी, पंपाचा वीजपुरवठा मेन स्विचवरून तोडावा, एका माणसाने एकट्याने उतरू नये, आणि वर दोरी घेऊन कुणीतरी सतत उभे असावे. आत माणूस असताना तेथे ब्लीचिंग पावडर टाकू नये. स्वच्छतागृह धुण्याचे अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर चुकूनही एकत्र येऊ देऊ नयेत, कारण त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. आतला माणूस कोसळला तर त्याला वाचवायला तयारीविना दुसरा उतरतो आणि दोघेही जातात, हे पुन्हा पुन्हा घडलेले आहे.

घासून झाल्यावर निर्जंतुकीकरण करावे. टाकी भरून त्यात दर लिटरला 50 मिलिग्रॅम क्लोरीन राहील इतकी पावडर लागते. ताज्या ब्लीचिंग पावडरमध्ये, म्हणजे ग्रामपंचायतीत जिला टीसीएल म्हणतात तिच्यात, सुमारे 33 टक्के उपयोगी क्लोरीन असतो. त्या हिशेबाने 5,000 लिटरच्या टाकीला साधारण 750 ग्रॅम पावडर पुरते. पोते फोडून काही आठवडे झाले असतील तर जोर 25 टक्क्यांपर्यंत उतरला आहे असे धरून एक किलो घ्यावी. दमट जागी उघडे पडलेले पोते वापरूच नये. पावडर थेट टाकीत ओतू नये. प्लास्टिकच्या बादलीत पाण्यात कालवून ठेवावी, चुना तळाशी बसू द्यावा आणि वरची निवळी तेवढी टाकीत सोडावी. मग प्रत्येक मजल्यावरचा नळ क्लोरीनचा उग्र वास येईपर्यंत सोडून बंद करावा, जेणेकरून लाइनीही भरतील. हे पाणी किमान एक तास तसेच राहू द्यावे. त्या काळात ते कुणी वापरू नये म्हणून आदल्या दिवशीच नोटीस लावावी आणि घरोघरच्या आरओ यंत्रांचा पुरवठा बंद करायला सांगावा. शेवटी ते सोडून द्यावे, मात्र बागेत किंवा माशांच्या कुंडात जाऊ देऊ नये, आणि वास जाईपर्यंत ताज्या पाण्याने सगळ्या लाइनी धुवाव्यात.

क्रम उलटा करू नये. आधी क्लोरीन आणि मग घासणे म्हणजे पुन्हा लेव्हेनहुक यांचे व्हिनेगर. वर्षातून दोनदा हा सोहळा करावा असे मी सुचवीन, एकदा उन्हाळा तापण्यापूर्वी आणि एकदा पावसाळा सरल्यावर. पाणी टँकरचे किंवा बोअरचे असेल तर तीनदा. झाकण घट्ट बसणारे असावे, हवेच्या नळीला आणि ओव्हरफ्लोला डास शिरणार नाहीत अशी बारीक जाळी असावी, आणि टाकीच्या आत उजेड अजिबात पडू नये, कारण उजेडाने शेवाळ धरते आणि शेवाळ हे जीवाणूंचे खाद्य होते.

रोजचा क्लोरीन आणि उन्हाळ्याची अडचण

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार पाण्यात लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन शिल्लक असायला हवा. पालिकेच्या केंद्रातून निघताना तो असतोही, पण जमिनीखालची टाकी, गच्चीची टाकी आणि मधले काही तास ओलांडेपर्यंत तो उडून गेलेला असतो. तापलेल्या पाण्यात तो लवकर संपतो; गंजलेल्या जुन्या लोखंडी नळात तर गंजच त्याला खाऊन टाकतो. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहरात 2014 साली पाण्याचा स्रोत बदलल्यावर नळ झपाट्याने गंजू लागले, क्लोरीन टिकेना, आणि त्या दोन उन्हाळ्यांत लेजिओनेलाच्या न्यूमोनियाची साथ येऊन किमान बारा जण दगावले. नळाच्या तोंडून तांबूस पाणी येणे म्हणजे केवळ कपडे खराब होण्याचा प्रश्न आहे, असे म्हणूनच मानू नये.

मोजणी सोपी आहे. क्लोरीन तपासण्याचा छोटा संच औषधांच्या किंवा प्रयोगशाळा साहित्याच्या दुकानात मिळतो. नळीत पाणी घेऊन थेंब टाकायचे आणि उमटलेला रंग पट्टीवरच्या रंगाशी जुळवायचा. ही तपासणी टाकीवर करू नये. सर्वांत दूरच्या फ्लॅटमध्ये, सकाळी, करावी. तेथे 0.2 मिळाले तर मधे सगळीकडे आहे असे समजता येते. तेथे शून्य आणि टाकीत भरपूर असेल, तर मधल्या लाइनीत थर किंवा गंज क्लोरीन खातो आहे, हा त्याचा सरळ अर्थ होय. 10,000 लिटरचा टँकर आला की 30 ते 40 ग्रॅम पावडरच्या निवळीने सुरुवात करावी, म्हणजे लिटरला सुमारे एक मिलिग्रॅम मात्रा होते, आणि अर्ध्या तासाने मोजून गरजेप्रमाणे वाढवावी. पाणी गढूळ असेल तर आधी ते निवळू द्यावे, नाहीतर क्लोरीन मातीवरच खर्च होतो.

युरोपातल्या मार्गदर्शिका सांगतात की थंड पाणी 20 अंशांखाली आणि गरम पाणी 60 अंशांवर ठेवावे, म्हणजे लेजिओनेलाला आवडणारा 20 ते 45 अंशांचा पट्टाच टळतो. यातला गरम पाण्याचा नियम आपल्याला पाळता येतो. थंड पाण्याचा मात्र नागपुरात, जळगावात किंवा लातुरात एप्रिल-मे महिन्यांत कुणी पाळून दाखवावा! गच्चीवरच्या काळ्या टाकीचे पाणी दुपारी अंगाला चटका देते. तेव्हा आपल्याकडे तापमानाच्या भरवशावर राहता येत नाही, आणि क्लोरीन, पाण्याची रोजची उलाढाल आणि घासणे यांवर दुप्पट भार पडतो, हे ओळखून वागावे. टाकीवर पत्र्याचे किंवा हिरव्या जाळीचे छप्पर टाकावे, टाकी फिक्या रंगाची घ्यावी आणि उघड्यावरून जाणाऱ्या नळांना उष्णतारोधक आवरण घालावे. एवढ्याने 20 अंश गाठता येणार नाहीत, पण 38 चे 32 झाले तरी क्लोरीन थोडा अधिक टिकतो.

सोलर, गिझर आणि विसण

जुन्या तांब्याच्या बंबात पाणी रोज नव्याने भरले जाई, कडकडीत तापे आणि संपे. त्यात थराला सवड मिळत नसे. आजच्या सोलरच्या टाकीत मात्र पाणी साठून राहते. स्वच्छ उन्हाच्या दिवशी ते 60 अंशांच्या वर जाते आणि काळजीचे कारण उरत नाही. अडचण येते ती जुलै-ऑगस्टमध्ये. पुण्यात आठवडाभर सूर्य दिसत नाही आणि टाकीतले पाणी 35 ते 40 अंशांवर रेंगाळते, म्हणजे लेजिओनेलाला वाढीसाठी हवे तेवढेच. त्या दिवसांत लोक ‘निदान कोमट तरी आहे’ म्हणून तेच पाणी शॉवरने अंगावर घेतात. बॅकअपची विजेची कॉइल बिलाच्या भीतीने बंद ठेवली जाते, हे मला समजते. तरीही ढगाळ हवेत ती चालू करून पाणी 60 अंशांपर्यंत नेणे, किंवा कोमट सोलरचे पाणी बाजूला ठेवून घरच्या गिझरचे वापरणे, हाच मार्ग योग्य आहे. सोलरची टाकी वर्षातून एकदा तळाच्या वॉशआउटमधून सोडून क्षार आणि गाळ काढावा, कारण क्षारांच्या खडबडीत पापुद्र्याखाली थर सुखाने राहतो.

साठ्याच्या गिझरचा थर्मोस्टॅट 60 अंशांवर असावा. वीज वाचवण्यासाठी तो 45 वर ठेवणे ही चुकीची काटकसर आहे. मात्र 60 अंशांचे पाणी थेट अंगावर पडले तर पाचेक सेकंदांत गंभीर भाजते, लहान मुलांना आणि वृद्धांना त्याहून लवकर. म्हणून साठवण गरम ठेवावी आणि मिश्रण वापराच्या जागी करावे. बादलीत आधी थंड पाणी घेऊन त्यात गरम सोडावे, किंवा मिक्सरवर आधी थंड बाजू उघडावी. विसण घालण्याची आपली जुनी रीत या बाबतीत अगदी शास्त्रशुद्ध आहे. फक्त गरम पाण्यात विसण ओतण्याऐवजी विसणात गरम पाणी ओतावे, म्हणजे मधेच कुणी हात घातला तरी भाजणार नाही.

कुलूप लावलेले घर

मुलांकडे परदेशी सहा महिने जाऊन आलेल्या आईवडिलांचा फ्लॅट, गणपतीला कोकणात गेल्यामुळे पंधरा दिवस बंद असलेले घर, सुट्टीनंतर उघडणारी शाळा, 2020 च्या टाळेबंदीनंतर उघडलेली कार्यालये, या सर्वांत एकच गोष्ट घडते: नळांतल्या पाण्याचा क्लोरीन संपतो, ते खोलीच्या तापमानाला येते आणि थर निवांत वाढतो. परत आल्यावर पहिली अंघोळ शॉवरने करू नये. खिडक्या उघडाव्यात, शॉवरचे तोंड काढून ठेवावे किंवा त्यावर पिशवी बांधून तिचा कोपरा कापावा, म्हणजे पाणी तुषार न उडवता पडेल. मग थंड पाण्याचा एकेक नळ हळू उघडून पाच-दहा मिनिटे वाहू द्यावा आणि तेवढा वेळ स्नानगृहाबाहेर थांबावे. गिझर पूर्ण तापवून मग गरम बाजू सोडावी. फ्लशची टाकीही झाकण पाडून दोन-तीनदा ओढावी. पाणी वाया जाते अशी हळहळ वाटेल, पण ते बादल्यांत भरून फरशी पुसायला, झाडांना घालायला चालते. हिवाळ्यात गरम पाणी वर येईपर्यंत बादलीभर गार पाणी काढून ठेवण्याची पुणेरी सवय पाणी वाचवतेच, आणि रात्रभर नळात बसलेले शिळे पाणी शॉवरबाहेर जाते ते वेगळेच.

नळाची तोंडे आणि घरातली यंत्रे

शॉवरचे तोंड आणि नळाच्या टोकाची जाळी दर तीन महिन्यांनी काढावी. व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात काही तास भिजवून क्षार सोडवावेत, जुन्या दातांच्या ब्रशने घासावे, साध्या पाण्याने खळखळून धुवावे आणि त्यानंतरच, वेगळ्या भांड्यात, हायपोक्लोराइटच्या, म्हणजे द्रव ब्लीचच्या, सौम्य द्रावणात थोडा वेळ बुडवावे. आम्ल आणि हायपो एकमेकांत मिसळू देऊ नयेत. शॉवरची लवचीक नळी आणि जेट स्प्रेची नळी यांच्या आतल्या रबरावर थर चटकन धरतो आणि ती घासता येत नाही, म्हणून काळपट दिसू लागली की बदलून टाकावी.

आरओ यंत्र क्लोरीन काढून टाकते, त्यामुळे त्याच्या पुढच्या टाकीतले पाणी बिनसंरक्षण असते. ती टाकी भरून दिवस-दिवस ठेवू नये आणि सर्व्हिसच्या वेळी फिल्टर बदलण्याबरोबर टाकी आतून घासून घ्यावी. विदर्भातले कूलर फवारा उडवत नाहीत, पाणी ताटीवरून ओघळते. त्यामुळे धोका कूलिंग टॉवरइतका नसतो, तरी आठवड्याला पाणी ओतून टाकी घासून कोरडी करावी. तसे केल्याने डासांचाही बंदोबस्त होतो.

जलनेती करणाऱ्यांनी नळाचे पाणी नाकात घालू नये. अमेरिकेत लुइझियाना राज्यात 2011 साली नळाच्या पाण्याने नाक धुणारी दोन माणसे नेग्लेरिया नावाच्या अमीबाच्या मेंदूज्वराने दगावली. तो अमीबा पोटात गेल्याने बाधत नाही, नाकावाटे वर गेल्याने बाधतो, आणि तो जगतो ते अशाच थरांतले जीवाणू खाऊन. नेतीचे पाणी खळखळून उकळून निववलेलेच असावे. वाफेच्या किंवा नेब्युलायझरच्या यंत्रांना, आणि झोपेत श्वासासाठी लावायच्या यंत्राच्या पाण्यालाही, हेच लागू आहे.

मोठ्या संकुलात कूलिंग टॉवर असेल तर ते काम सोसायटीच्या हौशी मंडळींनी अंगावर घेऊ नये. न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्स भागात 2015 साली एकाच हॉटेलच्या टॉवरमधून उडालेल्या तुषारांनी 138 जण आजारी पडले आणि 16 मृत्युमुखी पडले. त्यानंतर तेथे प्रत्येक टॉवरची नोंदणी आणि नियमित तपासणी कायद्याने सक्तीची झाली. आपणही प्रशिक्षित कंत्राटदाराकडून लेखी वेळापत्रक मागावे आणि ते पाळले जाते की नाही एवढे पाहावे.

तपासणी कोणती आणि केव्हा

जिल्ह्याच्या आरोग्य प्रयोगशाळेत किंवा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत होणारी नेहमीची जैविक तपासणी पाण्यात मैला मिसळला आहे का, हे सांगते. ती दर काही महिन्यांनी जरूर करावी, कारण पुरवठा बंद असताना रिकाम्या लाइनीत बाहेरचे घाण पाणी ओढले जाऊ शकते. पण मैल्याची खूण मानले जाणारे कोलिफॉर्म जीवाणू नाहीत म्हणजे लेजिओनेला नाही, असा निष्कर्ष तिच्यावरून काढता येत नाही. लेजिओनेलाची वाढ खास कोळसायुक्त माध्यमावर करावी लागते आणि निकालाला दहा-बारा दिवस लागतात, म्हणून ती तपासणी नाव घेऊन सांगावी लागते. निरोगी माणसे राहणाऱ्या छोट्या इमारतीत ती सरसकट करण्याची गरज मला वाटत नाही. त्या पैशांत टाकी नीट घासून घेणे अधिक फलदायी आहे. वृद्धाश्रम, डायलिसिस केंद्र, प्रसूतिगृह किंवा अवयवरोपण झालेला रुग्ण असलेले घर असेल तर मात्र ती करावी. नमुना नळ वाहू देण्याआधीचा पहिला, आणि एक वाहू दिल्यानंतरचा, असे दोन घ्यावेत. पहिल्यात जीवाणू आणि दुसऱ्यात नाहीत, तर दोष नळाच्या तोंडाशी आहे. दोन्हींत असतील, तर तो मागे लाइनीत किंवा टाकीत शोधावा.

इमारतीतल्या कुणाला न्यूमोनिया झाला आणि तो पन्नाशीपुढचा, धूम्रपान करणारा, मधुमेही किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारा असेल, तर गेल्या दोन आठवड्यांत तो कोणत्या हॉटेलात उतरला, कुठे शॉवर घेतला, बंद घर उघडले का, हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे, कारण लेजिओनेलाची लघवीची तपासणी डॉक्टरांनी मुद्दाम मागितल्याशिवाय होत नाही आणि तीही त्याचा एकच मुख्य प्रकार ओळखते. निदान लेजिओनेलाचे निघाले, तर पहिली ऊर्मी लगेच टाकी धुऊन क्लोरीन ओतण्याची होईल. ती आवरावी. शॉवर आणि संशयित नळ वापरातून बंद करावेत, पालिकेच्या आरोग्य विभागाला कळवावे, शॉवरच्या तोंडाचे आणि टाकीचे नमुने घेतले जाईपर्यंत काहीही घासू नये, आणि नमुने गेल्यावर त्याच दिवशी ब्रश हातात घ्यावा.